मुंगीचं उतरणं

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हटलं, उघडेल. आपल्याला एकाच मास्तरांनी लिहायला शिकवलं. त्यांच्या छडीखालून गेलेला माणूस आलेलं पत्र वाचल्याशिवाय राहत नाही. फोन करायचं मनात होतं, पण फोनवर आपण दोघंही तिसऱ्या वाक्याला आईच्या शेवटच्या दिवसांवर येतो, आणि मग चार वर्षांपूर्वी झालं तेच पुन्हा होतं. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

भांडायला लिहीत नाही. आनंदाची गोष्ट आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय ती पुरी झाल्यासारखी वाटेना. आपली मुंगी अग्निशमन दलात आली. हे नाव तूच ठेवलंस. स्वतःपेक्षा मोठी उशी घरभर ओढत फिरायची म्हणून. आता वीस वर्षांची आहे आणि अजून ओढतेच आहे. सध्या नळ्या ओढते.

योग असा की या तुकडीचा उस्ताद मीच. साहेबांनी पहिल्या दिवशी दोघांना समोर उभं करून बजावलं, ‘घरी बाप, मैदानात उस्ताद. मैदानात बाप दिसला तर दोघांनाही फाटकाबाहेर काढीन.’ तेव्हापासून ती मला मैदानात ‘उस्ताद’ म्हणते आणि घरी येताना वाटेत कुठेतरी ‘बाबा’ म्हणायला लागते. नक्की कुठे, ते मला अजून पकडता आलेलं नाही.

बंबखान्याच्या मागे आमचा सराव मनोरा आहे. पाच मजले, खिडक्यांना तावदानं नाहीत, भिंती आतून धुराने काळ्या. वर एक वाळू भरलेला कॅनव्हासचा माणूस पडलेला असतो. पोरं त्याला ‘पाहुणा’ म्हणतात, कारण तो काही करत नाही आणि सगळ्यांनी त्याचं करायचं असतं. त्याला खांद्यावर टाकून खाली आणायचं. चढताना नुसता दम लागतो. खरी परीक्षा उतरताना असते. ओझं पुढे ढकलत असतं आणि पायाखालची पायरी दिसत नसते.

गेल्या आठवड्यात मुंगी त्याला घेऊन उलटी उतरली. म्हणजे पाठ खाली, तोंड वर, एक हात कठड्याला, शिडीवरून उतरतात तशी. मी शिट्टी वाजवायची विसरलो. विचारलं, ‘हे कुणी शिकवलं?’ तर म्हणाली, ‘उस्ताद, असं बरं पडतं.’ मी रात्रभर विचार केला आणि मला पटलं. धुरात पायरी दिसतच नाही, मग चवड्याने चाचपत उतरणंच शहाणपणाचं. तोल गेला तर माणूस पायऱ्यांवर पुढे पडतो, खाली कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या तुकडीला तिच्यासारखं उतरायला लावलं. आमच्या बंबाचा ड्रायव्हर, ज्याला आवाजावरून सगळे ‘भोंगा’ म्हणतात, तो म्हणाला, ‘म्हणजे एवढी वर्षं आपण सरळ उतरत होतो तेच उलटं होतं म्हणायचं!’ साहेबांनीही लांबून पाहून मान हलवली.

संध्याकाळी देवापुढे उभा राहिलो तर मागायला काही सुचेना. नुसते हात जोडून आलो.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

दादा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर दिलंस. एका ओळीचं. ‘दादा, ती उलटी का उतरते ते तिला विचार आणि गुडघा तपासून घे.’

वहिनी कशी आहे, नाही. मुंगीचं अभिनंदन, नाही. चार वर्षांनी भावाला लिहिताना माणूस निदान तारीख तरी घालतो. तू हाडांचा मोठा डॉक्टर झालास, मान्य. पण मी तुला आनंद कळवला होता, तब्येत नव्हती दाखवली.

तेव्हाही असाच बोलला होतास. दवाखान्याचा व्हरांडा, माझ्या हातात आईसाठी आणलेली मोसंबी, आणि तू म्हणालास, ‘दादा, आता तिला घरी ने.’ शेवटची बस सुटतेय असं कुणी सांगावं तशा आवाजात. मी तिला घरी नेलं नाही. दुसऱ्या दवाखान्यात नेलं. त्यावर आपण कधी नीट बोललो नाही, आताही बोलायचं नाही.

मुंगीला काही झालेलं नाही. धावते, जेवते, आईशी भांडते. तिला काही दुखत असतं तर बापाच्या नजरेतून सुटलं असतं का? मी दिवसभर तिला पाहतो, आणि पाहणं हेच माझं काम आहे. कुणाचा हात शिडीवर ढिला आहे, कुणाचा श्वास चुकतोय, मला पाठमोरं कळतं.

तुझ्या म्हणण्याशी संबंध नाही, पण एक गंमत लिहितो. हल्ली ती जेवायला बसली की एक पाय टेबलाखालून सरळ पुढे काढून समोरच्या स्टुलावर ठेवते. वाढता वाढता तुझी वहिनी त्याला अडखळली. म्हणाली, ‘हे काय रेल्वेचं फाटक आहे का? गाडी येणार असेल तर सांग, मी थांबते.’ खूप हसलो आम्ही. मुंगीही हसली. पाय मात्र काढला नाही.

असो.

दादा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं.

आमच्या तुकडीत एक उंच पोरगा आहे, जिराफ म्हणतात त्याला. शनिवारी तो पाहुण्याला घेऊन उलटा उतरत होता आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा पाय चुकला. मनगट मोडलं. आणखी वाईट होऊ शकलं असतं. साहेब मनोऱ्याखाली आले, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘हे उलटं उतरणं कुणाचं?’ मी म्हटलं, ‘माझं, साहेब.’ ‘आजपासून बंद. सगळे सरळ उतरतील.’ भोंगाही काही बोलला नाही, यावरून तू काय ते समज.

मग मुंगी सरळ उतरली. वरचा एक मजला ठीक. त्यानंतर तिचा डावा हात मांडीवर गेला आणि तिथेच राहिला. ती प्रत्येक पायरीवर डावाच पाय आधी टाकत होती, लहान मुलं उतरतात तशी. चेहरा पांढरा. मी वेळ झाली नसताना चहाची शिट्टी वाजवली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो हे तुला माहीत आहे. रोज सकाळी निघताना ती म्हणते, ‘तुम्ही व्हा पुढे बाबा, माझी बाटली राहिली.’ मला वाटायचं, पोरगी विसराळू आहे. सोमवारी मी पुढे झालो आणि एक मजला उतरून वळणावर उभा राहिलो. ती दार ओढून बाहेर आली. दोन्ही हातांनी कठडा धरून, भिंतीकडे तोंड करून, आडवी आडवी उतरायला लागली. मी दिसलो तेव्हा थांबली.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘गेल्या वर्षापासून. भरतीची तयारी करत होते तेव्हापासून.’

‘आणि ते उलटं उतरणं?’

‘इथेच शिकले. या जिन्यावर. तुम्ही कामावर गेलात की. असं उतरलं की कमी दुखतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

तेव्हा ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. ‘बोलणारच होते. पण तुम्ही सगळ्यांसमोर शाबासकी दिलीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तसंच उतरायला लावलंत. मग कुठल्या तोंडाने सांगू, की ही युक्ती नाही, दुखणं आहे?’

मी जिन्यावरच बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन वर येत होत्या. म्हणाल्या, ‘काय उस्ताद, आज घरीच आग लागली काय?’ मी म्हटलं, ‘नाही, नुसता धूर आहे.’

इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला उकिडवं बसायला सांगून गुडघ्यावर माझाच हात ठेवायला लावला. आत करकर लागते रे हाताला. वाळू सांडलेल्या फरशीवर चप्पल घासावी तशी. मग एमआरआय झाला. वाटीच्या मागची कूर्चा मऊ पडली आहे, काही ठिकाणी बारीक चिरा, दुसरी श्रेणी. प्रत सोबत ठेवतो. मी डॉक्टरांना म्हटलं, ‘हा तर म्हाताऱ्यांचा आजार.’ ते म्हणाले, ‘नाही काका. धावणाऱ्या, खेळणाऱ्या, जिने चढणाऱ्या पोरापोरींचे गुडघे मी रोज पाहतो. सगळे लपवतात. आणि सगळ्यांच्या घरी म्हणतात, या वयात कसलं आलंय गुडघ्याचं दुखणं.’

अंतिम चाचणी वीस मार्चला आहे. मागची भरती पाच वर्षांनी निघाली होती, पुढची कधी निघेल कुणाला माहीत नाही. तुकडीत ती एकटी मुलगी आहे. थांबली तर लोक ‘गुडघा होता’ असं म्हणणार नाहीत, ‘पोरगी होती’ असं म्हणतील. तिने मला परतीच्या वाटेवर शब्दात अडकवून ठेवलंय. म्हणाली, ‘उस्तादांना कळलं तर त्यांना साहेबांना सांगावंच लागेल. पण उस्तादांना कुठे कळलंय? बाबांना कळलंय. बाबा कुणाला सांगत नाहीत.’

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

एक विनंती आहे. या वेळी तुझ्या नेहमीच्या पद्धतीने लिहू नकोस. थोडं सांभाळून लिही. चाचणीपर्यंत काही होणार नाही, असं लिहिता येत असेल तर तसं लिही.

दादा


९ मार्च

धाकट्या,

तू मला लिहिलं नाहीस. तिला फोन केलास.

मला राग आला होता. आता नाही. दार लोटलेलं होतं आणि मी बाहेरच्या खोलीत बूट पुसत होतो. दोन्ही बूट पुसून झाले तरी पुसत राहिलो. तुझा आवाज येत नव्हता, तिचा येत होता. आधी नुसतं ‘हो काका’, ‘हो काका’. मग हसली.

जेवताना तिने सगळं सांगितलं. वाटीमागची कूर्चा म्हणजे गुळगुळीत अस्तर, त्याला रक्त पोचत नाही, म्हणून ते गेलं की सहजी भरून येत नाही. अजून फार गेलेलं नाही. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू नीट बांधले, काही महिने ओझं घेऊन उतरणं बंद ठेवलं, तर या वयात बहुतेकांचं दुखणं जातं. खात्री मात्र दिली नाहीस. ती म्हणाली, ‘काकांनी एकदाही घाबरवलं नाही आणि एकदाही धीर दिला नाही. बरं वाटलं.’ तुझी वहिनी माझ्याकडे पाहत होती. मी पानात पाहत होतो.

मग तिने तुला विचारलं म्हणे, की फक्त चाचणी दिली आणि नंतर थांबले तर? तू म्हणालास, ‘एका दिवसाने गुडघा जाणार नाही. पण दुखण्याने मांडी कधीकधी एका क्षणासाठी काम सोडते आणि पाय वाकतो. तसं झालं तर? तुझ्या खांद्यावर तेव्हा कोण असेल?’

ती म्हणाली, ‘बाबा.’



तुला आमची रीत माहीत नसणार. शेवटच्या चाचणीत वाळूचा पाहुणा नसतो, जिवंत माणूस असतो, आणि तो माणूस म्हणजे उस्ताद. सगळी तुकडी एकेक करून उस्तादाला पाचव्या मजल्यावरून खाली आणते. मलाही माझ्या उस्तादाला आणावं लागलं होतं, आणि तो माझ्या दीडपट होता. मी वजनाने बेताचा, म्हणून भोंगा म्हणतो, ‘पोरांच्या सोयीसाठी वहिनींनी उस्तादांना उपाशी ठेवलंय.’ खांद्यावरच्याने बेशुद्ध असल्यासारखं पडून राहायचं. एकच सूट आहे. त्याला धोका वाटला तर त्याने ‘थांब’ म्हणायचं. ‘थांब’ म्हटलं की चाचणी तिथेच संपते. उतरवणारा नापास.

म्हणजे साहेबांना आधी सांगायचं, की त्या दिवशी खांद्यावरून सांगायचं, की सांगायचंच नाही, एवढंच आता माझ्याकडे उरलंय.

परवा नळ्या वाळत घालतात त्या खोलीत साहेबांनी मला गाठलं. ‘पोरीचं सगळं ठीक ना? सरळ उतरताना चेहरा पडतो तिचा.’ वर टांगलेल्या नळ्यांतून पाणी ठिबकत होतं. सांगायला याहून बरी जागा मिळाली नसती.

मी म्हटलं, ‘झोप कमी होते, साहेब.’

ते निघून गेले. मी एक नळी उगाच पुन्हा गुंडाळली.

तुझी वहिनी म्हणते, ‘तुम्ही सांगून टाका. ती सांगायची नाही, तुमच्यावर गेलीय.’ मी म्हटलं, तिने विश्वास टाकलाय. वहिनी म्हणाली, ‘विश्वास टाकलाय की ओझं टाकलंय, ते एकदा नीट बघा.’

तूच सांग, मी काय करू? या वेळी जसं बोलतोस तसंच बोल.

दादा


१९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. ‘दादा, तिचा गुडघा मी सांगू शकतो. तुझं तोंड तुलाच उघडावं लागेल.’

चाचणी उद्या सकाळी आहे. साहेबांना मी सांगितलेलं नाही. मात्र एक ठरवलंय. तिचा पाय एकदा जरी वाकलेला जाणवला, तरी ‘थांब’ म्हणायचं. मग ती आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल. हे घरात कुणाला माहीत नाही. देवाला सांगितलं आहे, आता तुला. त्याच्याकडे पास-नापास काही मागितलं नाही. वेळ आली तर आवाज फुटू दे, एवढंच मागितलं.

पत्र वाटेतल्या पेटीत टाकतो. तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल.

दादा


२३ मार्च

धाकट्या,

फोन तू दोनदा केलास, मी उचलला नाही. बोलता आलं नसतं. लिहितो.

ती पाचवी होती. तिच्या आधीच्या चौघांनी मला सुखरूप खाली आणलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा पाच मजले चढून वर गेलो होतो. वर ती आली तेव्हा तिने नियमाप्रमाणे माझे डोळे, श्वास पाहिला, ‘जिवंत आहे’ असं ओरडून खाली सांगितलं. मग वाकून माझा हात तिच्या मानेवरून घेतला आणि मला उचललं. उचलणं इतकं सफाईदार होतं की उस्ताद म्हणून मला बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं.

खांद्यावर माणूस उलटा लोंबतो. मला तिची पाठ, तिच्या बुटांच्या टाचा आणि मागे जाणाऱ्या पायऱ्या दिसत होत्या. कान तिच्या पाठीपाशी, त्यामुळे श्वास ऐकू येत होता. पाचवा मजला ती मोजून मापून उतरली. वळणावर थांबली नाही. त्यापुढच्या मजल्यावर मधेच तिचा पाय वाकला. जास्त नाही. पण माझं डोकं झोक्यासारखं हललं आणि तिचा हात कठड्यावर आपटल्याचा आवाज आला.

हीच ती वेळ होती. मी तोंड उघडलं. उघडं तोंड घेऊन तसाच लोंबत राहिलो. खालून तुकडी ओरडत होती, ‘मुंगी, मुंगी!’ घरातलं नाव त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, भोंग्यानेच सांगितलं असणार. मी स्वतःला म्हटलं, एक मजला बघू. तिसऱ्यावर पुन्हा वाकला. तेव्हाही मी तेच म्हटलं, आता थोडंच राहिलंय. देवाने आवाज दिला नाही असं म्हणणार नाही. आवाज घशात होता. मीच तो गिळत होतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने खांदा भिंतीला टेकवला. मला वाटलं, दम घेतेय. तिने दीर्घ श्वास घेतला आणि ओरडली, ‘बदली!’

आमच्यात ही हाक आहे. आत धुरात माणूस खांद्यावर असताना पुढे नेणं जमणार नाही असं वाटलं की ‘बदली’ म्हणून ओरडायचं. मागचा येतो आणि ओझं घेतो. खऱ्या आगीत त्याचा कुणाला कमीपणा वाटत नाही. पण चाचणीत ही हाक मी आजवर ऐकली नव्हती, कारण तिथे बदली मागितली की संपलं. ती पुन्हा ओरडली, ‘दुसरा मजला, बदली! माणूस जिवंत आहे!’

मग बुटांचे आवाज आले. दोघं वर आले आणि त्यांनी मला तिच्या खांद्यावरून घेतलं. मी चालू शकतो का, असं कुणी विचारलं नाही. नियमाप्रमाणे मी बेशुद्ध होतो. त्यांच्या खांद्यावरून उलटा जाताना मला ती दिसली. भिंतीला टेकून बसलेली, पाय सरळ पुढे, आणि ती माझ्यापासून वर वर जात होती.

साहेबांनी कागदावर ‘अपुरी’ असं लिहिलं. तिला खाली आणल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वेळेत बोललीस. तुझ्या बदलीला कोण आलं ते लक्षात ठेव, आणि तुम्हीही ठेवा.’ मग तिने स्वतःच गुडघ्याचं सगळं सांगितलं, एमआरआयसकट. साहेब म्हणाले, गुडघा बरा झाल्याचं डॉक्टरांकडून आलं तर एकदा पुन्हा उभं करीन, पण शब्द देत नाही. तोवर नियंत्रण कक्षात फोन घ्यायला बसायचं असेल तर जागा आहे. जाता जाता माझ्यापाशी थांबले. ‘झोप कमी होते, काय?’ एवढंच. सगळी तुकडी समोर उभी असताना मला कुठे पाहावं कळेना. त्यांनी मला काही शिक्षा केलेली नाही. पुढच्या तुकडीला उस्ताद कोण, हेही सांगितलेलं नाही.

दोन दिवस ती घरात माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटलं, नापास झाल्याचं दुःख आहे, राहू दे. काल संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले तिचे सरावाचे कपडे काढत होतो. ती आली, दोरीच्या पलीकडे उभी राहिली. मधे तिचाच शर्ट.

म्हणाली, ‘बाबा, पहिल्यांदा पाय वाकला तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?’

‘कळलं होतं.’

‘आणि दुसऱ्यांदा?’

‘तेव्हाही.’

‘मला वाटलं, आता म्हणाल. आता म्हणाल. तुम्ही म्हणाला असतात तर मी खूप चिडले असते. घर डोक्यावर घेतलं असतं. पण मी वाट पाहत होते. दोन मजले वाट पाहिली मी.’

‘तूच तर म्हणाली होतीस, कुणाला सांगू नका म्हणून.’

‘हो. म्हणूनच तर तुम्ही सांगायला हवं होतं.’

मग तिने शर्ट ओढून घेतला आणि आत गेली. चिमटे दोरीवरच राहिले.

मी तिथे उभा राहिलो. व्हरांड्यातल्या त्या दिवशी आईच्या खोलीचं दार उघडं होतं, धाकट्या. तू ‘घरी ने’ म्हणालास ते तिने ऐकलं असेल. ऐकून तिला काय वाटलं असेल, हे मी चार वर्षांत एकदाही मनात आणलं नाही. माझं मला वाईट वाटलं, तेवढंच घेऊन बसलो. आई कुणाच्या बोलण्याची वाट पाहत होती का, हा प्रश्न अजून मला पुरता विचारता येत नाही. कधी आलास तर दोघं मिळून विचारू.

आता आतल्या खोलीत मुंगी तू सांगितलेला व्यायाम करतेय. पाठ भिंतीला, थोडंसंच खाली सरकायचं, थांबायचं, वर यायचं. हट्टी आहे, ठरल्यापेक्षा खाली जाते. तू फोनवर म्हणालास म्हणे, दुखायच्या आत थांबायचं. मी तिला म्हटलं, ‘दुखायला लागलं की सांग.’ म्हणाली, ‘मी नाही सांगणार. तुम्हाला दिसतं ना? तुम्ही सांगा.’

म्हणून दारात स्टूल घेऊन बसलोय आणि मांडीवर हे पत्र आहे. मघापासून दोनदा ‘थांब’ म्हणालो. पहिल्या वेळी म्हणाली, ‘अजून कुठे दुखलंय!’ आणि आणखी खाली गेली. दुसऱ्या वेळी माझा आवाज जरा मोठा निघाला. शेजारच्या घरातही ऐकू गेला असेल.

ती थांबली.

दादा